हळदीचं बोट

आमच्या घराण्यात डोळ्याच्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, एक पिवळसर डाग यायचा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, जरासा उठलेला. वडिलांना होता, आत्याला होता, दादाला पंचविशीतच आला आणि मला तिशी ओलांडल्यावर. आई त्याला हळदीचं बोट म्हणायची. देवी जाता जाता बोट लावून गेली, असं तिचं म्हणणं. शेंद्र्याच्या आसपासच्या गावांत डाग बघून लोक घर ओळखायचे. आम्हालाही त्याचा अभिमान काय कमी होता! सोयरिकी आधी घरातल्या घरात बघायच्या, मामाची पोरगी, आत्याचा पोरगा. हळदीचं बोट दुसऱ्याच्या घरी कशाला जाऊ द्यायचं?

वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. सकाळी बैल सोडायला गेले आणि गोठ्यातच बसले, छातीवर मूठ धरून. घरात आणेपर्यंत संपलं होतं. आई रडता रडता म्हणत होती, देवीनं हळद लावलेला माणूस, तिनंच बोलावून घेतला. मी नऊ वर्षांची होते. मला देवीचा इतका राग आला की पुढं कित्येक दिवस मी देवघरासमोर हात जोडले नाहीत, आणि त्यासाठी आईचे दोन धपाटेही खाल्ले.

त्यांच्या पायांचं एक मला नीट आठवतं. घोट्याच्या मागची शीर जाड झालेली, बोटाएवढी. बुटाची मागची बाजू तिथं टोचायची म्हणून ते बूट मागून तुडवून, सपातांसारखे घालायचे. दादाही पुढं तसेच घालायला लागला. आम्ही म्हणायचो, बापाची चाल उचलली पोरानं.

आता हे सगळं मी एवढ्या शहाणपणानं सांगते, पण तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते फार उशिरा, आणि तेही माझ्या नोकरीमुळं. लग्न होऊन मी शहरात आले. मुलगा सात वर्षांचा असताना नवरा जालना रोडवर अपघातात गेला. मग मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त काढायला लागले. हात हलका होता माझा. म्हातारी माणसं ‘त्याच बाई काढू देत’ म्हणून बसून राहायची. पण तोंड काही हलकं नव्हतं. उपाशीपोटी या म्हटलं तरी बिस्किट खाऊन येणाऱ्या लोकांना मी असं झापायचे की मालक आतून खाकरायचे.

लॅबच्या वरच्या मजल्यावर हृदयाचे एक डॉक्टर बसायचे. एकदा रिपोर्ट द्यायला गेले तर ते रिपोर्ट सोडून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

“बाई, तुमचं स्वतःचं रक्त कधी तपासलंय?”

“दिवसभर दुसऱ्यांचं काढते, डॉक्टर. माझं कोण काढणार?”

“आज काढा,” ते म्हणाले. हसले नाहीत.

काढलं. मशीनमध्ये लावलं आणि आकडा बघून मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावलं. तोच. रक्तातलं पिवळं पाणी, सीरम, तर अगदी स्वच्छ दिसत होतं, दुधट बिधट काही नाही. पण वाईट कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. मी वाळकी काडी, एक वेळ भाकरी-चटणी खाणारी बाई. माझी सासू वरणावर तुपाची धार धरायची आणि नव्वदीपर्यंत काठी टेकत गल्लीभर भांडणं सोडवत फिरली. मग हे माझ्याच रक्तात कुठून आलं?

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. आपलं यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेतं. त्यासाठी त्याला छोटी छोटी दारं असतात. ती दारं बनवायची कृती आपल्याला दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक बापाकडून. प्रत्येक माणसाच्या कृतीत थोडाफार फरक असतोच. कुणाची दारं जरा जास्तच उघडी, ती माणसं तुमच्या सासूबाईंसारखी. तुमच्या घराण्यात मात्र एका कृतीत मोठी चूक आहे. निम्मीच दारं चालतात. तेल कमी खा नाहीतर उपास करा, कोलेस्टेरॉल जन्मापासून रक्तातच साचून राहतं आणि हृदयाच्या नळ्यांना आतून बसत जातं. उरलेलं मग डोळ्यापाशी दिसतं, घोट्याच्या शिरेत दिसतं.

“म्हणजे हळदीचं बोट?” मी विचारलं.

त्यांना काही कळलं नाही. मी सांगितलं. ते म्हणाले, “देवीचं नाही, बाई. कोलेस्टेरॉलचंच आहे ते.”

जनुकाची तपासणी तेव्हा इथं होत नव्हती, नमुना बाहेर पाठवायला लागायचा. ते म्हणाले, तुमच्या घरचा इतिहासच इतका बोलका आहे की मला कागद नको. रोजची एक गोळी लिहून दिली. आणि रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाला तपासायला सांगितलं. कुणाला असेल, कुणाला नसेल, नाणं उडवल्यासारखं आहे.

भाऊबीज आठ दिवसांवर होती. मी दादाला फोन केला, यंदा सकाळी उपाशी या, सगळे. तो म्हणाला, “व्हय बाई, तुझ्या घरी आम्ही कवा पोटभर जेवून आलो?” दादा, वहिनी आणि त्यांची पोरगी आली. पोरगी तेव्हा एकोणीस वर्षांची. ती जन्मली तेव्हा दादानं तिला माझ्या मांडीवर ठेवून सांगितलं होतं, घे, ही तुझी सून. तेव्हापासून ती माझ्या घरात सुनेच्याच तोऱ्यात वावरायची, माझ्या डब्यांच्या जागा बदलून ठेवायची. मला ते फार आवडायचं. मला स्वतःची पोरगी नव्हती.

औक्षण झालं. दादानं खिशात हात घातला तसं मी म्हटलं, “पाकीट नको. यंदा ओवाळणीला मला रक्त दे.”

“घे की! काढ सगळं. तेवढंच राहिलंय आता, जमीन तर एमआयडीसीनं घेतली.” असं म्हणत त्यानं बाही वर केली. त्या जमिनीच्या पैशातून त्यानं पाण्याचा टँकर घेतला होता, आणि नव्या नव्या कॉलन्यांना पाणी द्यायचा. आमच्या बायपासपलीकडच्या सोसायटीचं पाणीही त्याच्याकडंच होतं, मीच लावून दिलेलं. आरतीच्या ताटात कुंकवाशेजारी मी नळ्या ठेवल्या. दादाचं काढलं, पोरीचं काढलं, माझ्या पोराचं काढलं. पोरगी डोळे मिटून म्हणाली, आत्या, सासूबाई झाल्यावर असंच रक्त पिणार का? सगळे खो खो हसलो. माझ्या घरातलं ते शेवटचं असं हसणं.

तिघांचेही आकडे माझ्यासारखे आले. दादाचा तर माझ्याहून वर.

दादाचं नवल वाटलं नाही. पण पोरगा आणि पोरगी, दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून मी वरच्या मजल्यावर गेले आणि विचारलं, “डॉक्टर, नवरा-बायको दोघांच्याही रक्तात हीच चूक असली तर?”

“तर दर बाळाला चारात एक वेळ अशी, की त्याला दोन्ही कृती चुकीच्याच मिळतील. मग दारंच नाहीत. अशा मुलांना लहानपणीच...”

“गुडघ्यांवर, कोपरांवर पिवळ्या गाठी येतात,” मी म्हटलं.

“तुम्ही बघितलंय?”

बघितलं होतं. आत्याला तिच्या आत्याच्याच घरी दिली होती. नवरा-बायको दोघांनाही डाग. त्यांचा धाकटा पोरगा माझ्याच वयाचा. त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, बोटांच्या पेरांवर पिवळ्या गाठी होत्या. बायका त्याच्या पाया पडायच्या, म्हणायच्या, याला देवीनं दोन्ही हातांनी हळद लावलीय. लपंडाव खेळताना तो दोन घरं पळाला की खाली बसायचा. अकराव्या वर्षी शाळेच्या पायरीवर गेला. मी तेव्हा त्याच्या शेजारीच बसले होते, पाटी पुसत.

तर पुढच्या महिन्यात दादा सुपारी फोडायची बोलणी करायला आला. नवा सदरा, हातात पेढे. मी चहा ठेवला. खरं सांगावं तर ते वहिनीच्या कानावर जाणार, वहिनीकडून संध्याकाळपर्यंत गावात. रक्तात खोट असलेली पोरगी! आणि सांगणारी कोण, तर लॅबमधली सख्खी आत्या. मग त्या पोरीला कोण करून घेणार? मी ठरवलं होतं, पोरीचं दुसरीकडं लग्न लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग सांगायचं. पोरीचा रिपोर्ट मी कुणाला दाखवलाच नव्हता. दादाला त्याच्या गोळ्या मात्र, कोलेस्टेरॉल वाढलंय एवढंच सांगून, आधीच आणून दिल्या होत्या, तेवढ्या तो घेत राहिला की झालं.

“दादा, हे लग्न नको,” मी म्हटलं.

“का? काय कमी हाय माझ्या पोरीत?”

“काही नाही. माझ्या पोराला पुण्याला राहायचंय. त्याला नोकरीवाली पाहिजे.”

बोलता बोलता मी नाक पुसलं. मी खोटं बोलताना नाक पुसते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण खोट्याच्या मागं काय आहे ते त्याला कसं कळणार? त्याला एवढंच दिसलं की बहीण पोरीला नाकारतेय.

“फ्लॅटात राहायला लागली न् लई मोठी झाली तू,” तो म्हणाला. उठला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. “हे बी ठेव तुझ्याकडं. तुझी मेहरबानी नको आम्हाला.”

“दादा, राग माझ्यावर काढ, गोळीवर नको काढू.”

“मला काय झालंय? ह्या हाडांत चरबी हाय का कुठं?” मनगट पुढं करून त्यानं मला दाखवलं आणि गेला. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी तो कुणाला दिला नाही, आणि खाल्लाही नाही.

पोरगा पुण्याला गेला. घरात मी आणि दोन खोल्या. आणि वर दुष्काळ. एक वर्ष कोरडं गेलं, दुसरंही तसंच. नळाचं पाणी आमच्या भागात कधी आलंच नव्हतं. शहर तर चहूबाजूंनी वाढतच होतं, कालची ज्वारीची पट्टी आज प्लॉट. टँकरसाठी लोक एकमेकांच्या पाया पडत होते, दुप्पट देतो म्हणत होते. दादानं आमच्या सोसायटीचं पाणी मात्र तोडलं नाही. जवळच्या विहिरी आटल्यावर तो थेट बिडकीनकडून भरून आणायचा, पण दर चौथ्या दिवशी सकाळी दहाला टँकर दारात हजर. मी मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहायचे. तो उतरायचा, पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडायचा, विडी ओढत उभा राहायचा. मागून तुडवलेले बूट. चुकूनसुद्धा वर बघायचा नाही. अर्ध्या तासानं पाइप गुंडाळून जायचा. मग मी आत येऊन त्यानं आणलेल्या पाण्यानं भांडी घासायचे आणि एकटीच बडबडायचे, बघ की वर, काय मान मोडतेय का तुझी?

त्यानं परत केलेली पट्टी मी वाया घालवली नाही. मला तीच गोळी होती. मीच घेऊन संपवली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न झालं. लांबच्या, नात्यात नसलेल्या घरात. हे मला कसं कळलं? सोसायटीतल्या एका बाईला टँकरवाल्याकडून पत्रिका आली होती. तिनं कौतुकानं दाखवली. आत्या म्हणून माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मला निरोपही नव्हता. ज्या पोरीला वाचवायला मी तोंड शिवून बसले, तिच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही मी नको!

आता खरं सांगते, कारण हे लिहायला बसले ते याच्यासाठीच. लग्न लागलं, तेव्हा माझं बंधन सुटलं होतं. दुसऱ्याच दिवशी जाऊन दादाला सगळं सांगायला हवं होतं. मी गेले नाही. मला राग आला होता. म्हटलं, गरज त्याला असेल तर येईल. मला बोलावलं नाही ना, मग बसू दे तसाच. दर चौथ्या दिवशी तो माझ्या खिडकीखाली उभा होता, तीन जिने उतरायचे होते फक्त. वर्षभर मी ते उतरले नाही.

मग एका सकाळी पाइप गुंडाळून झाल्यावर तो कट्ट्यावर बसला. बसला, आणि छातीवर मूठ धरली. वडिलांनी धरली होती अगदी तशी. मिनिटभरानं उठला, विडी पेटवली, टँकरवर चढला. मी चपला न घालताच खाली पळाले, पण तोवर टँकर गेला होता. फोन केला, उचलला नाही. म्हणून चौथ्या दिवशी मी त्याच्या आधी खाली जाऊन उभी राहिले. हातात नवी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

तो उतरला. मला बघून न बघितल्यासारखं करून पाइप ओढायला लागला. मी त्याच्या मागं मागं चालत बोलत राहिले. डाग, वडील, घोट्याची शीर, आत्याचा पोरगा, दोन्ही पोरांचे रिपोर्ट, का नाही म्हटलं, का खोटं बोलले, सगळं. त्यानं पाइप टाकीत सोडला, कॉक उघडला, आणि बंद करायचं विसरून ऐकत राहिला. टाकी भरून पाणी वर आलं, रस्त्यावर वाहायला लागलं, बायका ओरडायला लागल्या, अहो पाणी, पाणी! कुणीतरी धावत येऊन कॉक बंद केला. आम्ही दोघं चिखलात उभे.

तो म्हणाला, “पोरीच्या लग्नाला वर्ष झालं, बाई.”

“व्हय.”

“मग वर्षभर का नाय बोलली?”

“तू मला लग्नाला बोलावलं नाहीस म्हणून.”

मला वाटलं आता तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पट्टी आणि चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, वरच्या खिशात घातली, टँकरवर चढला. गाडी चालू केली आणि खिडकीतून म्हणाला, “पुढच्या खेपंला चहा ठेव. जास्त साखरेचा.”

मी त्या तीन दिवसांत घर धुऊन काढलं. पेढे आणले. चौथ्या दिवशी पावणेदहाला आधण ठेवलं. दहा वाजले, सव्वादहा झाले. मग फोन वाजला. पोरीचा होता. आदल्या संध्याकाळी ती माहेरी आली होती, आणि सकाळी बिडकीनला विहिरीवर रांगेत उभा असताना दादा गेला होता.

नेण्याआधी बायका पायाशी बसल्या होत्या. मी त्याचे पाय धुतले. घोट्यामागची ती जाड शीर माझ्या हाताला लागली. मी तिच्यावरून कितीदा हात फिरवला मला ठाऊक नाही. वहिनी माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही.

तेराव्यानंतर पोरगी एकटीच माझ्याकडं आली. तिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. दादाच्या खिशातली. तीन घरं रिकामी होती.

“बाबा रोज जेवून आठवणीनं घ्यायचे, आई सांगत होती,” ती म्हणाली. “आणि मला म्हणाले, आत्याकडं जा, रक्त तपासून घे, तुझ्या नवऱ्याचं बी तपास. सगळं सांगितलं मला.”

“सगळं?” मी विचारलं.

“हो. म्हणाले, तुझं लग्न अडू नये म्हणून आत्यानं शब्द गिळला, माझ्या शिव्या खाल्ल्या, आपण तिला पत्रिकासुद्धा दिली नाही. लई चुकलं आपलं, म्हणाले.”

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. त्या वर्षभराचं दादानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. तेवढं त्यानं स्वतःपाशी ठेवलं, आणि घेऊन गेला.

मी तिचं रक्त काढलं. आकडा तसाच होता. नवऱ्याचं निर्मळ निघालं. आता ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार गोळी घेते, बाळासाठी मध्ये थांबवली होती, पुन्हा सुरू केली. भाऊबीजेला तिच्या लहान्याला घेऊन येते, माझे डबे इकडचे तिकडे करते आणि मला आई म्हणते.

त्या वर्षाचं मी अजून तिला सांगितलेलं नाही.